घर ओझरला, आम्ही तीन गावांना: भाडं लांबून सांभाळावं की माणूस नेमावा?

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्री पावणेदहाला दम्मामहून धाकट्याचा फोन आला, "ओझरच्या घरात दोन दिवस पाणी नाही म्हणे." त्याला कुणी सांगितलं? खालच्या भाडेकरूने. त्याने थेट सौदीला का कळवावं? कारण कोंढव्यात राहणाऱ्या थोरल्या भाईजानचा फोन लागत नव्हता, आणि कल्याणला दिलेल्या बाजीचा नंबर भाडेकरूकडे कधी गेलेलाच नव्हता. म्हणजे बोअरची मोटार जळाली जुन्नर तालुक्यात, खबर गेली सौदी अरेबियाला आणि तिथून फिरून आली पुण्याला. दुसऱ्या दिवशी भाईजान सुट्टी टाकून निघाले, चाकणच्या कोंडीत दीड तास अडकले आणि दुपारी पोचले तेव्हा कळलं की मोटार ठीक आहे, स्टार्टरमधला कॅपॅसिटर गेलाय. वायरमनने अर्ध्या तासात बसवला.

त्या दिवशी आम्ही भावंडांनी ठरवलं की हा प्रश्न एकदा नीट मांडायचा. ज्यांचं गावाकडे आई-वडिलांचं घर आहे आणि स्वतः मुंब्रा, भिवंडी, कोंढवा, नाहीतर आखातात आहेत, अशा बऱ्याच कुटुंबांपुढे हाच सवाल असतो. घर विकायचं मन होत नाही. बंद ठेवलं तर सडतं. भाड्याने दिलं तर बघणार कोण?

आमचं ओझर म्हणजे जुन्नरचं. (नाशिकजवळ विमानवाल्यांचं दुसरं ओझर आहे, ऑनलाइन फॉर्म भरताना जिल्हा आणि तालुका दोनदा तपासावा लागतो.) कुकडीच्या काठचं, येडगाव धरणाच्या पाण्याला लागून असलेलं गाव. अष्टविनायकातल्या विघ्नेश्वराचं देऊळ इथलं. नारायणगाव हाकेच्या अंतरावर. अब्बांनी नोकरी संपल्यावर इथे खाली-वर दोन मजले बांधले. 2019 मध्ये त्यांचा इंतकाल झाला, अम्मी भाईजानकडे कोंढव्याला आल्या आणि घर भाड्याने गेलं. खालचा मजला साडेचार हजार, वरचा साडेतीन हजार, मिळून महिना आठ हजार. पुण्यातल्या एका खोलीलाही एवढ्याने भागत नाही, पण ओझरच्या मानाने भाडं ठीक आहे.

इथे भाडेकरू कोण मिळतात ते आधी सांगायला हवं, कारण माणूस लागतो की नाही हे त्यावरच ठरतं. निवृत्तीनगरचा विघ्नहर साखर कारखाना जवळ आहे, तिथले काही लोक फक्त हंगामापुरते येतात. कुरणच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं खोल्या शोधतात. शाळेतले शिक्षक, बँकेत बदलून आलेले कर्मचारी, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उतरणारे बाहेरचे व्यापारी. शिक्षक आला की तीन-चार वर्षं शांतता. हंगामी माणूस आला की दर पाच-सहा महिन्यांनी नवा करार, नवी किल्ली, नवी रंगरंगोटी. शिक्षक भाडेकरू असेल तर घर फोनवर चालतं. हंगामी असेल तर नाही चालत.

काहींनी आम्हाला सुचवलं की चतुर्थीला एवढी गर्दी होते, खोल्या रोजच्या भाड्याने भाविकांना द्या, पैसे तिप्पट येतील. येतीलही. पण तो भाड्याचा नाही, लॉजिंगचा धंदा आहे. रोज चादरी बदला, प्रत्येकाचं ओळखपत्र बघून नोंद ठेवा, परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्या, ग्रामपंचायतीची परवानगी बघा. दारात सतत माणूस नसेल तर या वाटेला जाऊच नये असं आमचं मत.

आता लांबून काय काय होतं ते पाहू. खरं तर बरंच काही होतं. भाडं युपीआयने थेट खात्यात येतं. वीजबिल महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकला की दिसतं आणि भरता येतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्यासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर सोय आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी विभागाच्या पोर्टलवर होतो. आधार आणि अंगठ्याचं मशीन असलं की मालक कोंढव्यात बसून आणि भाडेकरू ओझरला बसून अंगठा देऊ शकतो. खर्चही लोकांना वाटतो तेवढा नाही. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के असतं. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ती रक्कम भाड्यात मिळवतात. आमच्या खालच्या मजल्याचं 11 महिन्यांचं भाडं 49,500 आणि डिपॉझिट 15,000, म्हणजे शुल्क दोनशे रुपयांच्या आत. नोंदणी फी ग्रामीण भागात 500, शहरी भागात 1,000. वर एजंटची मजुरी. एवढ्यासाठी लोक साध्या स्टॅम्पवर सह्या करून मोकळे होतात आणि पुढे डोक्याला हात लावून बसतात.

एक गोष्ट मात्र आमची राहून गेली होती, तशी अनेकांची राहते. महावितरणच्या खात्याला अब्बांचाच मोबाइल नंबर जोडलेला होता. अब्बा गेले, सिम बंद झालं, पण मेसेज त्याच नंबरवर जात राहिले. विजेच्या कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी कनेक्शन तोडण्याआधी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटीस निघाली असेल, पण ती वाचणारा या दुनियेत नव्हता. भाडेकरूला वाटलं बिल मालक भरतात, आम्हाला वाटलं भाडेकरू भरतो. लाइनमन दारात आला तेव्हा उलगडा झाला. तेव्हा वडिलांच्या नावचं घर भाड्याने देण्याआधी चार नोंदी बघा: वीज मीटर, नळजोड, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरचं नाव आणि घरपट्टीचं खातं. वारसांची नावं लावून घ्या. ज्या ग्रामपंचायतींनी 'महा ई-ग्राम' ॲप चालू ठेवलंय तिथे घरपट्टी आणि दाखल्यांचं काम मोबाइलवरही होतं.

मग फोनवर काय होत नाही? गळती. वाळवी. तुंबलेली पन्हाळ. भाडेकरू सोडून जाताना दोन पंखे कमी आहेत हे बघणं. नव्या भाडेकरूला समोर बसवून चार शब्द बोलणं. आणि जुन्नरकडे आणखी एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाला हसण्यासारखी वाटेल: गवत. आमच्या घराच्या मागे ऊस आहे. घर दोन महिने रिकामं राहिलं की परसात कमरेएवढं गवत वाढतं, आणि या तालुक्यात ऊस आणि गवत म्हटलं की बिबट्या आलाच. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र याच तालुक्यात उगीच उभं राहिलेलं नाही. घराभोवतीची झुडपं काढा, रात्री दिवा लावा, असं वनखातं सांगत असतं. तो दिवा कोंढव्यातून लावता येत नाही. लहान मुलं असलेलं कुटुंब भाड्याने येणार असेल तर मागच्या दाराचा दिवा आणि साफ परस हे मालकाचं काम आहे, भाडेकरूचं नाही.

म्हणजे कागद आणि पैसा लांबून सांभाळता येतो, भिंत आणि दार नाही सांभाळता येत. एवढं कळायला आम्हाला पाच वर्षं लागली, कारण मधे आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

उलटं म्हणजे असं. अब्बांनंतर पहिली तीन वर्षं घर आमच्या एका चुलत भावाने बघितलं. तो नारायणगावात राहतो. आम्ही म्हटलं, "तू आहेस ना तिथे, तूच बघ." तो म्हणाला, "घरचंच काम आहे भाईजान, पैसे कसले घ्यायचे?" आम्हाला केवढं हलकं वाटलं! भाडेकरू त्याने आणला, डिपॉझिट त्याने घेतलं, भाडं रोख त्याच्याकडे जमा व्हायचं, दुरुस्ती त्यातूनच व्हायची, उरलं तर तो भाईजानकडे पाठवायचा. पहिल्या वर्षी उरायचं. दुसऱ्या वर्षी कधी उरायचं, कधी नाही. तिसऱ्या वर्षी मोरीचा पाइप, मग टाकी, मग पुन्हा मोरी. हिशोब कधी मागितला नाही, कारण फुकट काम करणाऱ्या माणसाला हिशोब कोणत्या तोंडाने मागायचा?

तोही चुकीचा नव्हता पूर्णपणे. पावसात स्लॅबवर चढून कचरा काढायला तोच जायचा. रात्री-अपरात्री भाडेकरू त्याच्याच दारात उभा राहायचा. त्याच्या मनात कुठेतरी बसलं की एवढं करतो, तर महिन्याचं थोडं इकडे-तिकडे झालं तर काय बिघडलं? आणि आमच्या मनात बसलं की भाडं खातोय. दोघांनी एकमेकांना एक शब्द सांगितला नाही.

फुटलं ते बाजीच्या एका प्रश्नाने. शरियतप्रमाणे अब्बांच्या घरात अम्मींचा आठवा हिस्सा आणि उरलेल्यात दोन भाऊ, एक बहीण मिळून पाच भाग: भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. आठ हजारांतून अम्मींचे 1,000, बाजीचे 1,400, आम्हा भावांचे 2,800 प्रत्येकी. हे अब्बांच्या चाळिसाव्यानंतर बसून ठरलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. पण तीन वर्षांत बाजीच्या खात्यात किती गेले? एकदा ईदला पाच हजार, बस. भाईजान म्हणायचे, यंदा दुरुस्तीत गेले. बाजी काही बोलायची नाही. मग तिच्या मुलाच्या फीची वेळ आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "दुरुस्ती माझ्या हिश्श्यातूनच होते का?"

आम्ही भाऊ त्या रात्री गप्प झालो. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. भाईजानच्या हातात जेवढं येत होतं तेवढ्यात अम्मींची औषधं भागत होती, धाकटा परदेशात कमावतो म्हणून मागत नव्हता, आणि जिला गरज होती तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. घरापासून सगळ्यात लांब कुणी असेल तर तो दम्मामवाला नव्हे, हिशोबापासून लांब ठेवलेली बहीण होती. बहिणींना जमिनीत-घरात हिस्सा देण्यावर आपल्याकडे बयान होतात, पण महिन्याच्या भाड्यातला हिस्सा मात्र आपण 'नंतर बघू' म्हणून टाकून ठेवतो.

मग वरच्या मजल्याच्या भाडेकरूला आम्ही थेट फोन केला. तो म्हणाला, भाडं तीन हजार ठरलंय, साडेतीन नाही, आणि डिपॉझिट पंचवीस हजार दिलंय. आम्हाला चुलत भावाने दहा सांगितलं होतं. करार लिहिलेला नव्हता. कोण खरं बोलत होतं हे आम्हाला आजही ठरवता आलेलं नाही. पण कायदा कुणाच्या बाजूने उभा राहतो ते तेव्हा कळलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जाईल. मालकाने नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो, सरसकट प्रत्येक खेड्याला नाही. पण आपलं गाव त्यात बसतं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा पाचशे रुपये भरून नोंदणी केलेली बरी. नोंदणी असली की मुदत संपल्यावर ताबा मागणं सोपं जातं. कायदा लागू असलेल्या भागात मुदतीनंतरही न हलणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट रकमेची भरपाई मागता येते. नोंदणी नसेल तर आपण फक्त तोंडी भांडायचं.

आम्ही शेवटी पंचवीस हजार मान्य केले. दुसरा इलाज नव्हता.

यानंतर एक वर्ष आम्ही सगळं स्वतः केलं, लांबून. भाईजान वर्षात नऊ वेळा ओझरला गेले. पेट्रोल, बाहेरचं जेवण, दिवसाची सुट्टी, एका फेरीला दीड-दोन हजार कुठेच गेले नाहीत. कल्याणहून बाजी पावसाळ्यात माळशेज घाटाने जाऊ म्हणाली तर दरड कोसळून रस्ता बंद. आणि त्या वर्षाच्या शेवटी ती कॅपॅसिटरची रात्र आली.

तेव्हा माणूस नेमायचा ठरलं. पण कुठला माणूस? पुण्या-मुंबईत भाड्याची घरं सांभाळणाऱ्या कंपन्या आहेत, भाड्यावर टक्केवारी घेतात, भाडेकरू शोधण्यापासून गळती काढण्यापर्यंत सगळं बघतात. कोंढव्यात किंवा खराडीत फ्लॅट असेल आणि मालक दुबईत, तर त्या परवडतात. ओझरसारख्या गावात आठ हजारांच्या घरासाठी अशी कंपनी येत नाही. इथे पर्याय तीनच: नातेवाईक, दलाल, नाहीतर हातकाम जाणणारा स्थानिक माणूस. दलालाचं काम भाडेकरू आणून देणं, पुढे त्याचा रस संपतो. उलट भाडेकरू जेवढ्या लवकर बदलेल तेवढी त्याची कमाई जास्त.

इथे दीनची एक गोष्ट आमच्या कामाला आली. कुरआनात सूरह कसस मध्ये हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्याचा प्रसंग आहे. तिथे चांगल्या नोकराचे दोन गुण सांगितलेत: तो समर्थ असावा आणि अमानतदार असावा. आपण माणूस शोधताना फक्त दुसरा गुण बघतो, तोही 'आपला आहे' एवढ्यावरच. पहिला बघतच नाही. आमचा चुलत भाऊ मनाने वाईट नव्हता, पण त्याला प्लंबिंग कळत नव्हतं. मिस्त्री सांगेल ते तो मान्य करायचा, म्हणून मोरी तीनदा फुटली.

फिकहमध्ये याला वकालत म्हणतात. आपल्या वतीने काम करणारा तो वकील. त्याला मेहनताना ठरवून देणं जायज आहे, फक्त रक्कम आधी स्पष्ट हवी. टक्केवारी चालते का यावर उलमांची मतं वेगळी मिळतील, म्हणून आम्ही सरळ ठरलेली रक्कम धरली. वकील हा अमीन असतो. त्याच्या हातून निष्काळजीपणा झाला नसेल तर नुकसान त्याच्या माथी मारता येत नाही. देशाचा कायदाही फार वेगळा नाही: भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 213 प्रमाणे एजंटने मागितल्यावर योग्य हिशोब द्यायलाच हवा. म्हणजे हिशोब मागणं हा अविश्वास नाही, ती दोन्हीकडची रीत आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल सूरह बकरात एवढी लांब आयत आहे, आणि आपण नात्यातल्या माणसाला कागद दाखवायला लाजतो.

आम्ही नेमलेला माणूस नारायणगावचा वायरमन आहे, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. तोच, ज्याने कॅपॅसिटर बसवला होता. नात्यातला नाही, जमातीतला नाही. घरात थोडी कुजबुज झाली. पण त्याला मोटार कळते, गवंडी-प्लंबर त्याच्या ओळखीचे आहेत, आणि पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "भाडं माझ्या हातात देऊ नका, मला ती कटकट नको." आम्हाला हेच हवं होतं.

त्याला महिना 600 रुपये. महिन्यातून एकदा घरी चक्कर, वर-खाली बघून मोबाइलवर व्हिडिओ. एक हजारापर्यंतची दुरुस्ती न विचारता करायची, बिलाचा फोटो पाठवायचा. त्यापुढे विचारायचं. भाडेकरू बदलला तर सामान मोजून घेणं, चावी देणं, त्याचे वेगळे 500. डिपॉझिटला आणि भाड्याला त्याने हात लावायचा नाही. भाडेकरूला दमदाटी करायची नाही, वीज-पाणी तोडायचं नाही. शेवटची अट त्याला विचित्र वाटली, पण भाडं थकलं म्हणून पाणी बंद करणं हा वर सांगितलेल्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि आपल्या माणसाने केलं तर जाब आपल्यालाच द्यावा लागतो. हे सगळं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. कुलमुखत्यारपत्र दिलं नाही. त्याची गरजच नाही. करारावर अंगठे आम्हीच देतो.

कुलमुखत्यारपत्राबद्दल मात्र दोन शब्द, कारण आखातातल्या कुटुंबांत याचा घोळ फार होतो. वडिलांनी हयातीत कुणाला पत्र दिलं असेल तर वडिलांच्या इंतकालाबरोबर ते संपतं. त्यावर पुढे केलेले करार वादात सापडतात. वारसांनी आपापलं नवं द्यायचं. परदेशातून द्यायचं तर भारतीय दूतावासात सही साक्षांकित करून घ्यायची आणि पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. आणि त्यात 'घर विकण्याचा अधिकार' हे वाक्य येऊ द्यायचं नाही. छापील नमुन्यांत ते बहुतेक वेळा असतं. धाकट्याने दम्मामहून भाईजानच्या नावे दिलेल्या पत्रात फक्त भाडेकरार करणं, मोडणं आणि नोंदवणं एवढेच अधिकार आहेत.

परदेशातल्या मालकाचं आणखी एक दुखणं म्हणजे कर. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडेकरूने भाडं देतानाच टीडीएस कापायचा असतो, उपकरासह 31.2 टक्के, आणि इथे किमान रकमेची सूट नाही. साडेतीन हजार देणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला हे सांगायला गेलं तर तो घरच सोडेल. म्हणून धाकट्याच्या हिश्श्याचं काय करायचं ते आम्ही सीएला विचारून करतो. कमी दराने कपातीचा दाखला आयकर खात्याकडून घेता येतो. त्याचं भाडं त्याच्या एनआरओ खात्यातच जातं, भावाच्या खात्यातून 'सांभाळून ठेव' अशी सोय आम्ही बंद केली.

काही वाचक विचारतील, मग हेवी डिपॉझिटवरच का देऊन टाकू नये? तीन-चार लाख एकदम घ्यायचे, भाडं नाही, कटकट नाही, मुदत संपली की पैसे परत. लांब राहणाऱ्याला हे फार सोयीचं वाटतं. पण परत करायचे पैसे म्हणजे कर्ज, आणि कर्जाच्या बदल्यात फुकट राहणं म्हणजे कर्जावर फायदा, म्हणून अनेक उलमा याला सूद ठरवतात. दीन बाजूला ठेवून पाहिलं तरी ते लाख वारसांत वाटले गेले की परत करायच्या दिवशी कुणाच्याच खिशात नसतात. आमचं डिपॉझिट अम्मींच्या खात्यात आहे, त्याला कुणी हात लावत नाही.

भाडेकरू निवडताना जात-धर्म आम्ही विचारत नाही. कोंढव्यात घर शोधण्याआधी पुण्यातल्या किती सोसायट्यांच्या दारातून फक्त नाव ऐकून आम्हाला परत यावं लागलं ते अम्मींना तोंडपाठ आहे. वर सध्या कारखान्यातलं एक कुटुंब आहे, खाली शिक्षक. चौकशी करतो ती नोकरीची आणि आधीच्या घरमालकाची.

आठ हजारांतून वायरमनचे 600 गेले की 7,400 उरतात. अम्मींचे 925, बाजीचे 1,295, भावांचे 2,590 प्रत्येकी. दुरुस्ती झाली तर ती सगळ्यांच्या हिश्श्यातून त्याच प्रमाणात. दर महिन्याच्या सात तारखेला पैसे जातात आणि हिशोब लिहिते बाजी. हे काम तिने मागून घेतलं. वर्षाचे 7,200 देणं भाईजानना आधी जड वाटलं होतं. मग त्यांनी नऊ फेऱ्यांचा खर्च मांडून पाहिला आणि विषय सोडला. यंदा ते दोनदाच गेले.

चुलत भावाशी बोलणं सुरू आहे. ईदला आला, शीरखुर्मा प्यायला, अम्मींच्या पाया पडला. घराचा विषय त्यानेही काढला नाही, आम्हीही नाही. त्या तीन वर्षांच्या मेहनतीचा मोबदला म्हणून एक रक्कम त्याला द्यावी असं बाजीचं म्हणणं आहे. भाईजान अजून तयार नाहीत.

मे महिन्यात वरच्या स्लॅबला वॉटरप्रूफिंग करायचंय. वायरमनने दोन गवंड्यांचे अंदाज पाठवलेत, एक 38 हजारांचा, एक 31 चा. बाजीने दोन्ही वाचून खाली लिहिलंय: दुसऱ्याने पन्हाळीचा खर्च धरलेलाच नाही, विचारून घ्या.